झडीतले कपडे आणि ड्रायरचे बिल

नवतपाचे नऊ दिवस सरतात, मृगाच्या सरी येऊन जातात आणि जुलैत एकदा झड लागली, की नागपूरच्या घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. कपडे वाळवायचे कुठे? मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर टाकलेली चादर दुसरी चादर पसरून होईपर्यंत कडकडीत होते. तीच चादर जुलैत दोन दिवस गॅलरीतल्या दोरीवर लोंबकळत राहते आणि तिसऱ्या दिवशी कुबट वासासह कपाटात जाते. शाळेचा गणवेश, जाड जीन्स, टॉवेल आणि तान्ह्या बाळाची दुपटी यांची तर रोजचीच अडचण.

महाल-इतवारीतल्या वाड्यांत पूर्वी अंगण होते, पडवी होती आणि पडवीत वलणी होती. मनीषनगर, बेसा किंवा वर्धा रोडवरील नव्या सदनिकांत चार फुटी गॅलरी असते. गच्चीला अनेक ठिकाणी सोसायटीचे कुलूप असते, आणि दर्शनी भागावर कपडे लटकू नयेत, असा नियमही काही ठिकाणी असतो. त्यामुळे अमेरिकेतल्या नातलगांच्या घरी पाहिलेला टम्बल ड्रायर आता सीताबर्डी आणि धरमपेठेतल्या दुकानांत चौकशीचा विषय झाला आहे. किंमत विक्रेता सांगतो. बिलाचे मात्र कोणी सहसा सांगत नाही. ड्रायर हे घरातील सर्वाधिक वीज खाणाऱ्या उपकरणांपैकी एक आहे आणि त्याच्या दोन प्रकारांतील विजेच्या खपात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून खरेदीपूर्वी थोडे गणित मांडलेले बरे.

एका शब्दाचा घोळ

पहिला गोंधळ शब्दातच आहे. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक धुलाई यंत्राच्या दुसऱ्या टबला सर्रास ‘ड्रायर’ म्हटले जाते. हा टब कपडे वाळवत नाही. तो वेगाने फिरून कपड्यांतील पाणी बाहेर फेकतो, म्हणजे यंत्राने कपडे पिळतो. बाहेर आलेला कपडा हाताला दमटच लागतो. टम्बल ड्रायर हे निराळे यंत्र आहे. त्यात आडवा पिंप सावकाश फिरतो, कपडे वरून खाली पडत राहतात आणि त्यांच्यामधून गरम हवा सोडली जाते. कपडा बाहेर येतो तो थेट घडी घालण्याजोगा. ‘आमच्या मशीनला ड्रायर आहे’ असे सांगणारी दहातील नऊ घरे पहिल्या यंत्राविषयी बोलत असतात. दुकानातही ‘विथ ड्रायर’ या दोन शब्दांखाली दोन्ही वस्तू विकल्या जाऊ शकतात. कोणती विकली जात आहे, हे आधी विचारून घ्यावे.

या यंत्राचा जन्म थंड प्रदेशातला. अमेरिकेतील नॉर्थ डकोटात राहणारे रॉस मूर हिवाळ्यात बाहेर गोठणाऱ्या कपड्यांना कंटाळून त्याच्या मागे लागले आणि १९३८ मध्ये हॅमिल्टन कंपनीने त्यांचा ड्रायर बाजारात आणला. त्याचे नाव होते ‘जून डे’, म्हणजे जूनमधला लख्ख, कोरडा दिवस. नागपुरात जून म्हणजे काय, हे त्या कंपनीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कूलर आणि वलणी यांचे एकच शास्त्र

नागपूरची हवा वर्षातून दोनदा पूर्णपणे आपला स्वभाव बदलते. हा स्वभाव शहराने सर्वाधिक जवळून अनुभवला तो कूलरमधून. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या वाळ्यातून किंवा लाकडाच्या भुशाच्या जाळीतून आलेली हवा खोली गार करते, कारण बाहेरची हवा इतकी तहानलेली असते, की ती जाळीतले पाणी भराभर पिते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. जुलैत तोच कूलर लावला की अंग चिकट होते. हवेची तहान भागलेली असते.

ओला कपडा ही कूलरची जाळीच समजावी. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही मे महिन्यातील दुपार, आणि २८ अंश तापमान व ८८ टक्के आर्द्रता हा झडीचा दिवस, अशी दोन उदाहरणे घेतली, तर हवेची पाणी शोषण्याची ओढ पहिल्या दिवशी दुसऱ्या दिवसाच्या पंधरा पटींहून अधिक भरते. कूलर चालेनासा होतो आणि कपडे वाळेनासे होतात, या दोन्ही घटना एकाच आठवड्यात घडतात, त्याचे कारण हेच.

यातून खरेदीदारासाठी एक गोष्ट निघते. नागपुरात ड्रायरची खरी गरज जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतची, आणि त्यातही सलग पावसाच्या दिवसांची. मुंबई किंवा रत्नागिरीप्रमाणे इथली हवा वर्षभर दमट नसते. ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथली हवा कपडे फुकट वाळवून देते आणि कोणतेही पंचतारांकित उपकरण तिच्याशी स्पर्धा करू शकत नाही. युरोपातील कुटुंबांसाठी लिहिलेली ‘वर्षाला इतकी बचत’ ही जाहिरातीतील आकडेवारी नागपूरच्या घराला म्हणूनच लागू पडत नाही.

आधी पीळ, मग उष्णता

ड्रायर किती वीज घेईल, हे बहुतांशी ड्रायर ठरवत नाही. त्याच्याआधी कपडे किती घट्ट पिळले गेले, यावर ते ठरते. या बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

कोरडे असताना सहा किलो भरणारे कपडे धुतल्यानंतर मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तर त्यांच्यात वजनाच्या साधारण ७० टक्के, म्हणजे चार लिटरहून थोडे अधिक पाणी उरते. हाच वेग १४०० फेऱ्यांचा असला, तर उरलेले पाणी ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीन लिटर असते. हे एक-सव्वा लिटर पाणी फेकून देण्यासाठी मोटरला जी जास्तीची वीज लागते, ती युनिटचा दहावा भागही नसते. तेच पाणी उष्णतेने उडवायचे म्हटले, तर साध्या ड्रायरमध्ये एका लिटरमागे जवळजवळ एक युनिट जाते.

यामागे निसर्गाचाच नियम आहे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता लागतेच लागते. यंत्र कितीही नामांकित कंपनीचे असो, विजेच्या तारेने हवा तापवून वाफ करणाऱ्या ड्रायरला ही किंमत चुकवावी लागते आणि वर पिंप, कपडे व खोली तापण्यात जाणारी उष्णता वेगळी. पाणी फेकणे स्वस्त, उडवणे महाग.

म्हणून ज्या घरी धुलाई यंत्रच बदलण्याच्या बेतात आहे, तिथे पिळण्याचा वेग ही पहिली चौकशी असावी. केवळ फेऱ्यांचा आकडा मात्र फसवा ठरू शकतो. कपड्यांवर पडणारा जोर हा वेग आणि पिंपाचा व्यास या दोहोंवर अवलंबून असतो. सेमी-ऑटोमॅटिकच्या अरुंद टबचे १३०० फेरे आणि समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या रुंद पिंपाचे १३०० फेरे सारखे नसतात. रुंद पिंपाचा पीळ अधिक घट्ट बसतो. ज्या यंत्रात वेग निवडता येतो, तिथे पावसाळ्यात सुती कपडे, टॉवेल आणि चादरींसाठी सर्वांत वरचा वेग ठेवावा. कपडे पिंपात एका बाजूला गोळा झाले, की यंत्र आपणहून वेग कमी करते. एकटी जड चादर टाकण्याऐवजी तिच्यासोबत चार लहान कपडे टाकले, तर तोल सांभाळला जातो आणि पीळही नीट बसतो. नाजूक साड्या व रेशमी वस्त्रे यांना अर्थातच या साऱ्यातून वगळावे. पैठणीला ड्रायर दाखवूही नये.

तीन जाती

घरगुती ड्रायरच्या मुख्य जाती तीन.

‘व्हेंटेड’ ही सर्वांत जुनी आणि स्वस्त जात. खोलीतील हवा आत घ्यायची, तापवायची, कपड्यांमधून न्यायची आणि दमट झालेली हवा जाड नळीने घराबाहेर सोडायची, इतका सरळ तिचा व्यवहार. दोन ते अडीच हजार वॉटचा तापक, दीड-दोन तासांचे काम आणि सहा किलोच्या दमट कपड्यांमागे सुमारे चार युनिट. अट एकच, नळी खरोखर बाहेर गेली पाहिजे. भिंतीला भोक पाडायला सोसायटी परवानगी देत नाही म्हणून नळी खोलीतच सोडून दिली, तर कपड्यांतले चार लिटर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत पसरते आणि भिंतीला बुरशी धरते. वातानुकूलित खोलीत हे यंत्र चालवणे म्हणजे पैसे मोजून गार केलेली हवा पुन्हा पैसे मोजून तापवणे आणि बाहेर फेकणे.

‘कंडेन्सर’ जातीत नळी लागत नाही. गरम दमट हवा यंत्रातच थंड करून तिच्यातील पाणी वेगळ्या टाकीत जमवले जाते. सोय मोठी, परंतु विजेचा खप व्हेंटेडइतकाच, काही वेळा किंचित अधिक. शिवाय उष्णता खोलीत राहते. झडीच्या दिवसांत बंद घरात ती नकोशी होते.

तिसरी जात ‘हीट पंप’. तिचे तत्त्व घरातल्या फ्रिजचेच आहे. कपड्यांतून आलेली दमट हवा थंड नळ्यांवरून नेली जाते. तिथे वाफेचे पाणी होते आणि वाफ होताना खर्ची पडलेली उष्णता परत मिळते. कॉम्प्रेसर ती उष्णता उचलून गरम नळ्यांकडे पोहोचवतो आणि तीच हवा पुन्हा कपड्यांत शिरते. उष्णता दरवेळी नव्याने विकत घ्यावी लागत नाही, एकदा घेतलेलीच फिरती राहते. त्यामुळे त्याच चार लिटर पाण्यासाठी हे यंत्र सुमारे दोन युनिटमध्ये काम भागवते. पीळ घट्ट असेल, तर दीड युनिटही पुरतात. तापमान तुलनेने कमी असल्याने कपडे आटण्याची भीतीही कमी. उणे बाजू म्हणजे किंमत मोठी आणि वेळ अधिक. एका खेपेला दोन ते तीन तास सहज जातात.

या जातीचा दबदबा किती वाढला आहे, हे युरोपातील नियमांवरून दिसते. स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच हीट पंप सोडून अन्य ड्रायरच्या नव्या विक्रीची दारे बंद केली. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या ऊर्जानिकषांनंतर नव्याने बाजारात येणाऱ्या विजेच्या ड्रायरमध्ये हीट पंपलाच जागा उरली आहे. तिथली जुनी मॉडेले अन्य देशांच्या बाजारात सवलतीने खपवली जाण्याची शक्यता लक्षात घेता भारतीय ग्राहकाने ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला भुलू नये.

चौथा पर्याय दुकानदार आवर्जून पुढे करतो, तो धुणे आणि वाळवणे एकाच पिंपात करणाऱ्या ‘वॉशर-ड्रायर’चा. लहान स्वयंपाकघरात जागा वाचते, हे खरे. मात्र आठ किलो धुणारे असे यंत्र वाळवते पाचेक किलोच. अर्धे कपडे बाहेर काढून ठेवावे लागतात. त्यांतील बरीच यंत्रे वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात आणि वाळवण्यासाठीही लिटरच्या लिटर पाणी गटारात जाते. तोतलाडोह कोरडा पडल्यामुळे २०१९ च्या जुलैत एक दिवसाआड पाणी भरलेल्या शहराला हे परवडणारे नाही. अशा यंत्रावर दिसणारे तारे धुण्याच्या चक्रासाठी असतात, वाळवण्यासाठी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये सुरू केलेल्या तारांकनाची आपल्याला फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रामुळे इतकी सवय झाली आहे, की तारे दिसले की ग्राहक निश्चिंत होतो. ड्रायरच्या बाबतीत ती निश्चिंती नाही. तिथे माहितीपत्रकातील ‘एका चक्राला किती युनिट’ हा आकडाच मागून घ्यावा आणि तो किती किलो कपड्यांसाठी, किती वेगाने पिळल्यानंतरचा आहे, हेही विचारावे. विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर कंपनीच्या पुस्तिकेत ते सापडते.

बिलाचा टप्पा ओलांडताना

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. २०२४-२५ या वर्षात वहन आकारासह पहिल्या टप्प्याचा दर सहा रुपयांच्या आत होता, दुसऱ्याचा साडेअकरा रुपयांच्या आसपास आणि तिसऱ्याचा पावणेसोळा रुपयांच्या जवळपास. त्यानंतर दरांत फेरबदल झाले आहेत, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या ताज्या बिलाच्या मागील बाजूचा तक्ता पाहावा. टप्प्यांमधील मोठी दरी मात्र कायम आहे, आणि नवे उपकरण येते ते नेहमी वरच्या टप्प्यात. पहिले स्वस्त १०० युनिट फ्रिज, पंखे आणि दिवे यांनीच संपवलेले असतात.

उदाहरणादाखल जुलैत एरवी २५० युनिट वापरणारे चौघांचे कुटुंब घेऊ. महिनाभरात ड्रायरच्या १७ खेपा झाल्या, म्हणजे आठवड्याला चार. तापकाच्या ड्रायरमुळे ६८ युनिट वाढतील. त्यांतील ५० युनिट दुसऱ्या टप्प्यात बसतील आणि १८ तिसऱ्यात सांडतील. वरील दरांनी हा बोजा साधारण ८६० रुपये, आणि १६ टक्के वीजशुल्क धरून हजाराच्या घरात. हीट पंप असेल, तर ३४ युनिट, तेही सगळे दुसऱ्याच टप्प्यात. शुल्कासह साडेचारशे रुपये. एका महिन्यात साडेपाचशे रुपयांचा फरक दिसतो आणि हीट पंपच घ्यावा, असे वाटू लागते.

आता वर्षाचे गणित. नागपूरच्या कुटुंबाला पावसाळ्याच्या साडेतीन महिन्यांत साठ खेपा लागल्या असे धरू. हीट पंपमुळे १२० युनिट वाचतील. बहुतेक युनिट दुसऱ्या टप्प्यातील धरल्यास शुल्कासह वर्षाची बचत सोळाशे रुपयांच्या आसपास. दोन यंत्रांच्या किमतीत ३० हजारांचा फरक असेल, तर तो वसूल व्हायला १९ वर्षे लागतील. इतकी वर्षे बहुधा यंत्रच टिकणार नाही. याउलट ज्या घरी वर्षभर ड्रायर चालतो, म्हणजे आठवड्याला पाच खेपा आणि वर्षाला २६०, आणि ज्यांचे बिल आधीच ३०० युनिटच्या पलीकडे आहे, तिथे वर्षाला ५२० युनिट, म्हणजे शुल्कासह साडेनऊ हजार रुपये वाचतात. तोच फरक तीन-सव्वातीन वर्षांत भरून निघतो. घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील, जुळी बाळे असतील, किंवा एखादे पाळणाघर वा छोटे वसतिगृह असेल, तर दुसरा हिशेब लागू पडतो. चौकोनी कुटुंबाला पहिला.

थोडक्यात, सर्वाधिक कार्यक्षम यंत्र आणि सर्वांत शहाणपणाची खरेदी या दोन गोष्टी नागपुरात नेहमी एकच असतील असे नाही. दुकानात हे ऐकायला मिळत नाही, म्हणून इथे नमूद करणे भाग आहे.

पैशापलीकडचा हिशेबही आहे. शहराच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रे उभी आहेत. आपल्या घरातील युनिट नेमके कोणत्या केंद्रातून आले, हे जाळ्यातल्या विजेबाबत सांगता येत नाही. पण कोळशावरील एका युनिटमागे सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. साठ खेपांचे २४० युनिट म्हणजे दीड क्विंटलहून अधिक कोळसा. त्याची राख कुठे जाते, हे जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख तलाव पावसात फुटला, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी शेतात पाहिले.

बसवताना आणि वापरताना

तापकाच्या ड्रायरला १६ अँपिअरचे स्वतंत्र प्लग पॉइंट आणि जाड वायर लागते. मिक्सरच्या जोडणीत एक्स्टेन्शन बोर्ड लावून तो चालवणे धोक्याचे आहे. घरच्या इन्व्हर्टरवर तर तो चालणारच नाही. हीट पंपचा भार हजार वॉटच्या आतबाहेर असल्याने वायरिंगवर ताण कमी येतो, मात्र अर्थिंग पक्के हवे. हीट पंपची बरीच यंत्रे ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आखलेली असतात. उन्हाळ्यात पश्चिमेच्या गॅलरीत ते चालवू नये. पण उन्हाळ्यात ते चालवण्याची गरजच काय!

वेळेवर चालणारा आणि ओल ओळखणारा, अशा दोन पद्धतींचे ड्रायर मिळतात. वेळ लावलेला ड्रायर कपडे वाळून गेल्यावरही फिरत राहतो, वीज जाळतो आणि कापडही झिजवतो. ओल ओळखणारा आपणहून थांबतो. यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. हा खर्च हीट पंपच्या तुलनेत लवकर वसूल होतो. ज्या कपड्यांना नंतर इस्त्री करायचीच आहे, ते ‘इस्त्रीजोगे ओलसर’ या टप्प्यावरच काढावेत. जाड टॉवेल आणि पातळ सदरे एकत्र टाकले, तर सदरे वाळूनही टॉवेलसाठी ताटकळतात. त्यांच्या खेपा वेगळ्या कराव्यात.

ड्रायरच्या जाळीत दर खेपेला कापसासारखा भुसा साचतो. तो तसाच राहिला, की हवा अडते, वेळ लांबतो, वीज वाढते आणि तापकाजवळ गेलेला भुसा पेटही घेऊ शकतो. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ झालीच पाहिजे. तेलाने माखलेली स्वयंपाकघरातील फडकी, मालिशचे तेल मुरलेले पंचे, पेट्रोल लागलेले कपडे ड्रायरमध्ये टाकू नयेत. धुतल्यावरही त्यांत तेल उरते आणि गरम ढिगात ते आपोआप पेटण्याची भीती असते. रात्री यंत्र लावून झोपण्याची सवयही टाळावी.

ड्रायर न घेता

बहुसंख्य घरांत ड्रायर येणार नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. मात्र दमट कपडे घरात कसेही पसरणेही बरे नव्हे. बुरशी आणि नायट्यासारखे त्वचाविकार दमट कपड्यांवर पोसतात. त्या ओळखीच्या कुबट वासामागेही जिवाणू आहेत; २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ या जिवाणूशी त्याचा संबंध दाखवून दिला. कपडा जितका वेळ ओला, तितकी त्यांची चंगळ. म्हणजे खरी लढाई वेळेशी आहे.

पंखा ही त्यातली सर्वांत स्वस्त मदत. बीएलडीसी मोटरचा छताचा पंखा ३० वॉटच्या आसपास वीज घेतो. आठ तास चालला, तरी पाव युनिट. छताला टांगलेली, दोरीने वर-खाली होणारी दांडी पंख्याच्या वाऱ्यात आली आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या, तर रात्री घातलेले पातळ कपडे सकाळपर्यंत सुकतात. कपडे एकमेकांना चिकटून घालू नयेत, शर्ट हँगरवर घालावेत, जीन्स उलटी करून कमरेच्या बाजूने टांगावी. खिडकीतला कूलर काढून ठेवायचा राहिलाच असेल, तर त्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवता येतो. पाण्याविना तो उत्तम वारा देतो. टाकी मात्र आधी कोरडी करावी. डासांना पावसाळ्यात दुसरे आमंत्रण लागत नाही.

झडीच्या चौथ्या दिवशी, हवाच जेव्हा ओथंबलेली असते, तेव्हा पंखाही थकतो. अशा वेळी एक छोटी खोली बंद करून तिच्यात हवेतील ओल खेचणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, लावणे हा मधला मार्ग आहे. तीनेकशे वॉटचे यंत्र उबदार, दमट हवेत चांगले काम करते. आठ तासांत सुमारे अडीच युनिटमध्ये ते एका खेपेचे कपडे वाळवू शकते. खप हीट पंप ड्रायरहून थोडा अधिक, किंमत बरीच कमी, आणि भिंतींची ओलही जाते. घरात वातानुकूलन यंत्र असेल, तर त्याचा ‘ड्राय’ पर्याय हेच करतो. झोपेच्या खोलीत ते तसेही चालू राहणार असेल, तर कोपऱ्यात कपड्यांची घडीची घोडी उभी करून पंख्याचा झोत तिच्याकडे वळवावा. त्यासाठी लागणारी जादा वीज बिलात वेगळी दिसत नाही, पण ती लागतेच.

इस्त्रीने ओले कपडे वाळवण्याची सवय मात्र सोडलेली बरी. हजार वॉटची इस्त्री शर्टाच्या एकेका बाहीवर फिरवत बसणे हा हाताने चालवायचा तापकाचा ड्रायरच झाला, आणि त्यात कपडा जळण्याची जोखीम वेगळी.

सोसायटीच्या पातळीवरही विचार होऊ शकतो. पाच-सहा कुटुंबांत मिळून एक हीट पंप ड्रायर तळमजल्यावर बसवला, तर वर्षाच्या खेपा तीनशेच्या पुढे जातात आणि एका घराला न परवडणारे यंत्र सहा घरांना परवडते. त्यासाठी सामायिक मीटरवरील दर कोणता लागू आहे, युनिटची नोंद कोण ठेवणार आणि जाळी कोण साफ करणार, हे आधी ठरवावे लागेल. यंत्र कोणतेही घेतले, तरी कंपनीचा ड्रायर उघडून पाहिलेला तंत्रज्ञ नागपुरात आहे की सुटा भाग पुण्या-मुंबईहून येणार, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी. हीट पंपच्या आतील नळ्यांवर भुसा साचला की तो काढण्यासाठी यंत्र खोलावे लागते, आणि ही वेळ बहुधा भर झडीतच येते.